बाहुली सोडून बाकी सगळी गाडी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी मला फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण तंजावुरात ही गोष्ट कोणालाच खरी वाटत नाही. लोक म्हणतात, ते? त्यांनी उभ्या आयुष्यात मुंगीचासुद्धा रस्ता अडवला नसेल. आणि मग माझ्याकडे बघून हसतात, म्हणतात, आणि तुला? तुला कोण फसवणार? त्यांचेही चूक नाही. सायकलच्या मागे परातींची चवड बांधून मी खेडोपाडी हिंडलो आहे, आणि आज मोठ्या देवळाच्या रस्त्यावर भांड्यांचे माझे स्वतःचे दुकान आहे. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी आजवर कधी दिलेला नाही, डॉक्टरलाही नाही. माझा आवाज चढला की शेजारचा फुलवाला आपली टोपली आत घेतो. अशा मला, बस कंडक्टरने दिलेली मोड न बघता खिशात टाकून वर त्यालाच नमस्कार करणाऱ्या एका निवृत्त चित्रकला मास्तराने भर दिवसा, घरातल्या देवांसमोर, गोड पोंगल खाऊ घालता घालता फसवले. इतका सरळ आणि इतका बिलंदर माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही.

अक्काचे हे यजमान, म्हणजे माझे भावजी, ओरत्तनाडूच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचे घर. तिथून रोज शाळेत जायचे आणि यायचे, ते एका पांढऱ्या छोट्या गाडीतून. नोकरदार माणसाने पहिली गाडी घ्यायची तर हीच, असा ज्या गाडीचा एक काळ होता, त्यातली ती. आता तिचा पांढरा रंग आटीव दुधावरच्या सायीसारखा झाला आहे. ती किती धावली हे कोणीही सांगू शकत नाही, कारण तिच्या मीटरमधले आकडे एकदा शेवटाला पोहोचले आणि पुन्हा सगळी शून्ये झाली. दुसऱ्या कोणी ही गोष्ट गाडी विकताना वापरली असती. भावजींनी त्या दिवशी गल्लीत गोड वाटले. मी विचारले, "कसलं हो हे?" तर म्हणाले, "बारसं. आज तिचा पुनर्जन्म झाला, तंबी. मागच्या जन्मातलं तिला काही आठवणार नाही, आपण मात्र लक्षात ठेवायचं." ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरांत अशीच रीत आहे: भाव तमिळमध्ये, भांडण दोन्हीत, आणि देवाशी बोलणे तेवढे मराठीत. भावजी गाडीशीही मराठीत बोलतात.

त्यांचे गाडी चालवणे हा एक वेगळाच प्रकार होता. ते किल्ली फिरवायचे आणि तसेच बसून राहायचे. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी, आणि हे डोळे मिटून. मी मागच्या सीटवर धुमसत असायचो. "भावजी, मुहूर्त टळेल!" तर शांतपणे म्हणायचे, "जागी होऊ दे. तुला झोपेतून उठवून कोणी लगेच पळायला सांगितलं तर?" मग गाडी निघायची, म्हणजे इतकी अलगद, की आपण हललो की समोरचे घर मागे सरकले ते कळायचे नाही. वाटेत रेडिओ नाही, गप्पा नाहीत. "मी ऐकतोय," म्हणायचे. काय ऐकताय, तर गाडी. तिचे तेल ते स्वतः बदलायचे, आणि जुने तेल दोन बोटांत चोळून, हुंगून, मान हलवायचे; अक्काच्या रसमबद्दल त्यांना इतका विचार करताना मी कधी पाहिले नाही. टायरमध्ये हवा भरायची ती पहाटे, ऊन लागायच्या आत. गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबाखाली गाडी उभी करायची ती एक दिवस तोंड राजवाड्याकडे, दुसऱ्या दिवशी पाठ राजवाड्याकडे, म्हणजे दोन्ही अंगांना सारखे ऊन लागेल. एखाद्या दिवशी विसरले तर जेवतानाच हात धुऊन उठायचे आणि गाडी वळवून यायचे. अक्का म्हणायची, "माझी पाठ दुखते तेव्हा मला कोण फिरवून ठेवतं?"

रस्त्यावर मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचे. म्हणून भावजींनी एकदा रंग आणि कुंचला घेऊन मागच्या काचेवर सुंदर, गोलाईदार अक्षरांत लिहिले: "हळू जातो, राग नसावा." देवनागरीत. तंजावुरात. त्यांच्याच गल्लीतल्या पोरांना जे वाचता येत नाही, ते कुंभकोणमच्या लॉरीवाल्याला काय वाचता येणार? झाले असे की लोकांना तो मंत्र वाटला. सिग्नलला एक म्हातारी काचेला हात लावून डोळ्यांना लावून गेली. एका पोलिसाने थांबवले, मागे जाऊन बराच वेळ बघितले आणि विचारले, "हे कुठल्या स्वामींचं?" भावजी खरे बोलणारे. म्हणाले, "स्वामींचं नाही, माझंच." पोलिसाने सलाम ठोकून सोडून दिले. मी त्यांना सांगितले, "तमिळमध्ये लिहा, लोक वाचतील तरी." तर म्हणाले, "वाचतील ना, म्हणूनच. मग लाजल्यासारखं होईल."

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती बाहुली. आमच्या गावची डोलणारी बाहुली सगळ्यांनी पाहिलेली असते: घेरदार परकर, कमरेवर हात, आणि धड वेगळे, मान वेगळी, एकीवर एक तोललेली, नुसता वारा लागला तरी मान हलते. लोक ती शोभेला ठेवतात. भावजींनी ती गाडीत, समोरच्या काचेखाली बसवली होती, आणि तिच्यावरून ते गाडीची नाडी बघायचे. मान पुढे-मागे हलली तर ब्रेक. डावीकडे-उजवीकडे हलली तर चाके एका रेषेत नाहीत. गोल गोल फिरायला लागली तर इंजिन ज्या रबरावर बसते ते रबर गेले. आणि मान स्थिर, फक्त कानातले डूल हलताहेत, म्हणजे सगळे ठीक आहे, गाडी सुखात आहे. एकदा तिचे नाक उडाले, ते त्यांनी रंगाऱ्यांची लांबी भरून नवे केले. भुवई पुसली गेली, ती कुंचल्याने काढली, पण जरा वर गेली. तेव्हापासून ती बाहुली एका डोळ्याने कायम नवल करत असते.

मी यावर किती हसलो असेन! एकदा पापनाशमला लग्नाला निघालो होतो. दोन्हीकडे नुकते लावलेले भात, पाण्यात आभाळ पडलेले, अक्का पुढे डुलक्या घेते आहे. एकाएकी भावजींनी गाडी कडेला घेतली. "उतरा." का, तर बाहुलीची मान गोल फिरते आहे. मी रेशमी शर्टात, उन्हात, बांधावर उभा राहून ओरडत होतो, "अहो, बाहुली आहे ती! मातीची! तिला काय कळतं?" मेस्त्री आला, खाली वाकला, आणि म्हणाला रबर फाटलंय. भावजी बाहुलीकडे बघून फक्त हसले. मात्र बाहुली चुकायचीही, हेही सांगितले पाहिजे. एकदा तिची मान पुढे-मागे फार हलते म्हणून त्यांनी ब्रेक दोनदा उघडायला लावले. शेवटी कळले की अक्का शेजारच्या मामीची नक्कल करून दाखवत होती आणि आपल्याच नकलेवर हसत होती.

गाडीत सुधारणा करायची ती वर्षातून एकच, आणि तीही खंडेनवमीला, जिला इथले लोक आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी पाने, पकड, जॅक, पंक्चरचा डबा, सगळ्यांना चंदन-कुंकू लागायचे, आणि गाडीसाठी आणलेल्या एका नव्या गोष्टीलाही; बसवायची ती मात्र दशमीनंतर. मी म्हणायचो, एकदम सगळं करून टाका, एकत्र घेतलं तर मी भाव पाडून देतो. तर म्हणायचे, "एकदम बदललं तर ती आपल्याला ओळखणार नाही. आणि आपण तिला." एका वर्षी पिवळे पडलेले दिवे घासून पारदर्शक केले आणि आत नवे बल्ब घातले. एका वर्षी पायांखाली लव्हाळ्याची चटई आली, नेमक्या मापाने विणून घेतलेली. एका वर्षी वीणा करणाऱ्या कारागिराकडून फणसाच्या लाकडाचा उरलेला तुकडा आणला आणि गिअरच्या दांड्यावर बसवायला त्याची मूठ करून घेतली. भावजी शपथेवर सांगतात की तिसऱ्या गिअरमध्ये ती षड्जात वाजते. एका वर्षी मागे जाताना पीं-पीं करणारे यंत्र बसवले. त्यांच्या गल्लीत गाय नाही असा क्षण नसतो, त्यामुळे ते सारखे वाजायचे आणि भावजी खिडकीतून मान काढून गाईची माफी मागायचे. आणि एका वर्षी काच वर-खाली करायची मोटर आली, पण फक्त अक्काच्या बाजूला. मी विचारले, "एकीकडेच का? दोन्हीकडचं घेतलं असतं तर..." ते म्हणाले, "सिग्नलला फुलं घेताना ती काच फिरवते, तिचं मनगट दुखतं. मी मास्तर, फळा पुसून पुसून माझ्या मनगटाला सवय आहे."

आता फसवणुकीकडे येतो. पण त्याआधी आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात. घरात पायऱ्या करायच्या, त्यांवर पांढरे धोतर पसरायचे आणि घरातल्या सगळ्या बाहुल्या मांडायच्या: देव, राजा-राणी, वाणी-वाणीण. ही गाडीतली बाहुलीही त्या नऊ दिवसांत घरी यायची. माहेरपणाला येते, अक्का म्हणायची. सगळ्यात खालच्या पायरीवर ती बसायची आणि तिच्या भोवती भावजी गाडीचे झिजलेले भाग मांडायचे: जुने प्लग, घासून पातळ झालेली क्लचची तबकडी, ते पापनाशमच्या वाटेवर फाटलेले रबर. सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, खायला आलेल्या बायका विचारायच्या, हा कुठला देव? अक्का सांगायची, "ह्यांचा." बाहुली घरी म्हणून ते नऊ दिवस गाडीही उभी. दशमीला संध्याकाळी कोलूतली एक बाहुली आडवी करून निजवायची, दुसऱ्या दिवशी सगळ्या आवरायच्या, आणि ही परत गाडीत. वर्षानुवर्षे हे मी डोळ्यांनी पाहत आलो होतो. पाहत आलो होतो, तरी फसलो, हेच मला झोंबते.

दोन वर्षांपूर्वी भावजींचे डोळे गेले. एकदम नाही, डोळ्यांतला दाब वाढला, कडेचे दिसेनासे झाले, मग मधलेही धूसर. डॉक्टरांनी सांगितले, गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. भावजींनी मान हलवली, घरी आले आणि तिण्णैवर, म्हणजे आमच्या इथल्या ओट्यावर, बसले. बसले ते बसलेच. दाढी करायचे सोडले. कडुलिंबाखाली गाडीचे तोंड कित्येक दिवस राजवाड्याकडेच राहिले. चेन्नईहून भाच्याचा फोन आला, "मामा, बाबांना समजवा. भंगारात देऊन टाकू. आता तिला कोण सांभाळणार?" त्याचेही खरे होते. पण अक्का दुकानात आली. ती दुकानात कधी येत नाही. एका कढईकडे बघत राहिली, मग म्हणाली, "अरे, गाडी भंगारात गेली तर हे घरात बसून वाळतील. लोणच्याच्या फोडीसारखे." आणि कढई न घेताच गेली.

मी काही मऊ मनाचा माणूस नाही. माझ्याकडे मोठी गाडी आहे, तिच्यात रस्ता दाखवणारा पडदा आहे, त्याच्या आतली बाई मला डावीकडे वळा सांगते आणि मी तिच्यावर ओरडतो. मला या जुन्या डब्याची गरज नव्हती. पण धंद्यातला माणूस भंगाराच्या भावात चालती गाडी सोडत नाही. खंडेनवमीच्या सकाळी मी गेलो. कोलूसमोर बसलो. अक्काने गोड पोंगल वाढले. मी ठरवले होते, सुरुवात अशी करायची की समोरचा पेटून उठला पाहिजे; मग तो वर जाईल, मी जरा सरकेन, तो रुसेल, मी उठायचे सोंग करेन, अक्का मध्ये पडेल. असा तासभराचा सुंदर व्यवहार मी मनात रचून गेलो होतो. तिण्णैवर बसून वाळणाऱ्या माणसाला थोडे भांडण मिळाले तर रक्त फिरेल, असेही मला वाटले असेल. आता आठवत नाही. मी एक भाव सांगितला. तो इतका लाजिरवाणा होता की सांगताना माझाच आवाज बसला.

भावजी म्हणाले, "सरी."

मी म्हणालो, "सरी म्हणजे?"

"म्हणजे दिली."

"अहो, असं कसं? काहीतरी बोला! निदान शिवी द्या!"

"कशाला? तू घेतोस हे बरं झालं." मग कोलूकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, "बघ, देवासमोर सांगतो. आज या क्षणाला त्या गाडीत जे काही आहे, ते सगळं तुझं. चटई, मूठ, जॅक, काचेवरचं लिहिलेलंसुद्धा. माझं तिच्यात काही उरलं नाही."

ते ऐकून मला जिंकल्यासारखे वाटायला हवे होते. उलट कोणीतरी सायकलवरून ढकलून दिल्यासारखे वाटले. पहिल्याच भावाला हो म्हणणे हा अपमान असतो, हे मास्तर लोकांना कोण शिकवणार? त्या दिवशी आयुधांना हात लावायचा नसतो, म्हणून दशमीला सकाळी किल्ली घेतली आणि गाडी माझ्या दारात आणली. संपूर्ण गल्ली बघत होती. मी मुद्दाम हॉर्न वाजवला.

दशमी उलटून चार दिवस झाले तेव्हा लक्षात आले की काचेखाली एक गोल डाग आहे. धूळ नसलेला, स्वच्छ, बांगडीएवढा. बाहुली नाही.

मी तसाच गेलो. "भावजी, बाहुली राहिली."

"कुठे?"

"कुठे काय, गाडीत हवी! तुम्हीच म्हणालात, गाडीत जे आहे ते सगळं."

"आज या क्षणाला, म्हणालो. खंडेनवमीला बाहुली कुठे असते, तंबी?"

आतून अक्काच्या हसण्याचा आवाज आला, पदर तोंडात धरल्यासारखा. देवासमोर, जिच्याबद्दल बोलणे चालले होते ती बाहुली समोरच खालच्या पायरीवर बसली होती, एक भुवई वर करून माझ्याकडे बघत होती, आणि मी पोंगल खात होतो! मी तमिळमध्ये ओरडलो, मराठीत ओरडलो. भावजी धूसर डोळ्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला बघत राहिले आणि म्हणाले, "कोलूवर बसलेली बाहुली विकत नाहीत. तुलाही माहीत आहे." माहीत होते. तोच तर राग होता.

राजवाड्याजवळच्या दुकानातून मी नवी बाहुली आणली, अर्थात भाव करून. ती बसवली. पण तिला काही कळत नव्हते. गाडी उभी असली तरी मान हलवते, चालली तरी हलवते, ब्रेक लावला, नाही लावला, सगळ्याला हो, हो, हो. नव्या नोकरासारखी. आणि गाडी तर माझ्या हाती आल्यापासून कुरकुरत होती. सगळ्या अंगातून बारीक थरथर यायची. दोन मेस्त्र्यांना दाखवली. एकाने सांगितले जुनी आहे, दुसऱ्याने सांगितले फार जुनी आहे. शेवटी एका सकाळी मी नाइलाजाने तीच गाडी घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीत शिरलो. दार उघडेच होते. अक्का म्हणाली, "आज येशील म्हणाले होते."

भावजी बाहेर आले. दाढी केलेली. धुतलेला शर्ट. आणि दोन्ही हातांत, देव्हाऱ्यातून निरांजन आणावे तशी, ती बाहुली. चाचपत माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मी नवी बाहुली काढून मागच्या सीटवर टाकली, आणि त्यांनी बोटांनी तो गोल डाग शोधला. त्यांना तो दिसत नव्हता, पण बोट बरोबर तिथेच गेले. बाहुली ठेवली, तिच्या डोक्यावर तर्जनीचे टोक टेकवले, जेमतेम, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावे तसे. म्हणाले, "चालू कर. आणि गप्प बस."

मी गप्प बसलो. हे माझ्याकडून फार कमी लोकांनी करून घेतले आहे. गाडी जागी होत होती. मग ती हलली. गल्लीच्या टोकाला कडुलिंबाची पिकली पाने टपावर पडली तेव्हा ते म्हणाले, "टायरात हवा किती भरलीस?"

"भरपूर."

"का?"

मी उगाच गिअर बदलला.

"हवा फुकट मिळते म्हणून ना?" ते म्हणाले. "उतरव थोडी. चाकं दगडासारखी झालीत, गाडीला खड्डा न् खड्डा लागतोय."

पेट्रोल पंपावर हवा उतरवली. थरथर गेली. बाहुलीची मान शांत झाली, फक्त डूल हलत राहिले. गाडी दारात आणून मी म्हणालो, "आता राहू दे ती इथेच." त्यांनी बाहुली उचलून छातीशी धरली. "नाही. गाडी तुझी, बाहुली कोलूची. उद्या ये, परत बघू."

तेव्हापासून हे असे चालले आहे. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी गाडी घेऊन त्यांच्या दारात जातो. ते बाहुली घेऊन येतात. तपासणी दारात होत नाही, गाडी थोडी धावली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आम्ही कालव्याच्या काठाने ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागतो, त्यांच्या जुन्या शाळेच्या वाटेने, अर्ध्यावर जाऊन परत. मी हळू चालवतो. मला हळू चालवता येते हे मला ठाऊक नव्हते. मागून लोक हॉर्न वाजवतात, मग काचेवरचा मंत्र बघून नमस्कार करून पुढे जातात. कालव्यातून वाफ उठत असते, नारळाच्या सावल्या टपावरून सरकत जातात, आणि भावजी बाहुलीच्या डोक्यावर बोट ठेवून विचारतात, "बगळे आले?"

"आले."

"किती?"

"पुष्कळ. एक जण मेंढीच्या पाठीवर बसलाय."

"मेंढी कुठून? म्हैस असेल."

"म्हैसच. पण बारीक आहे."

मी भांडी विकणारा माणूस. आजवर कुठल्या बगळ्याकडे मी मान वळवून बघितले नव्हते. आता बघावे लागते, कारण विचारले जाते. पाणी कुठपर्यंत आहे, भात कुठल्या रंगाचे झाले, अमक्या घरावरचा निळा रंग अजून आहे का. मी सांगतो. कधी कधी मला शब्द सापडत नाहीत, तेव्हा तेच हलकेच सांगतात, "आता पूल येईल," आणि पूल येतो. "आता उतार," आणि उतार लागतो. मग मला कळत नाही की गाडी कोण चालवतो आहे. धुके असले की कधी वाटते, आम्ही तिघे, ते, मी आणि ती नवलाने बघणारी बाई, रस्त्यावरून जातच नाही आहोत. रस्ताच आमच्याखालून कुठेतरी निघाला आहे.

पण मी धंदेवाला आहे, स्वप्नात फार वेळ राहत नाही. परवा परतताना मी हिशेब मांडला आणि विचारले, "भावजी, खरं सांगा. बाहुली तुम्ही मुद्दाम ठेवून घेतलीत. खंडेनवमीचा दिवसही मुद्दाम."

"दिवस तू निवडलास."

"निरोप तुम्ही पाठवलात, की नवमीला पोंगल आहे, ये म्हणून!"

त्यांनी बाहुलीच्या परकरावरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, "गाडी फार स्वस्तात मिळाली, असं तू बाजारात सगळ्यांना सांगतोस ना?"

"सांगतो."

"मग सांग की."

आणि पुन्हा बोट बाहुलीवर. थोड्या वेळाने मला म्हणाले, "या खंडेनवमीला तुझ्या बाजूच्या काचेला मोटर बसवून घे."

"कशाला? अजून हात चालतो माझा."

"काच खाली घेताना तू कण्हतोस. मनगट दुखतंय तुझं." आणि बाहुलीकडे मान करून म्हणाले, "ही सांगते."

आता सांगा. गाडी माझी, पेट्रोल माझे, मनगट माझे. आणि गाडी चालवतात ते, बाहुली त्यांची, सकाळ त्यांची. मग त्या दिवशी विकले कोणी आणि घेतले कोणी? त्यांच्या डोळ्यांसमोरचा धूर दाट होत चालला आहे, हे मला दिसते. हल्ली तो गोल डाग शोधायला बोटाला थोडा वेळ लागतो, आणि मी खिडकीबाहेर बगळे मोजायचे सोंग करतो. पण म्हणून मी सोडून देणार नाही. मला माझ्या व्यवहाराचा जाब पाहिजे, अक्काच्या यजमानांच्या तोंडून, सरळ शब्दांत. घाई नाही. उद्या द्या, पुढच्या नवरात्राला द्या, त्याच्या पुढच्या. मी रोज सकाळी दारात येऊन हॉर्न वाजवून मागेन. मात्र तो जाब मला मिळेपर्यंत, हे मी आत्ताच बजावून ठेवतो, त्यांना कुठेही जाता येणार नाही.